फोनवरची ती मुलगी

रविवार, १० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

नमस्कार, आणि लांबूनच एक घट्ट मिठी. मी वेळेवर जेवते, पुरेशी झोपते, केसांना तेलही लावते. म्हणजे तुझे नेहमीचे प्रश्न संपले.

खोली आता अंगवळणी पडली आहे. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या पंपाच्या आवाजाने जाग येते. टेबलावर दोन जुने कॉम्प्युटर जोडून ठेवलेत. एकातून दुसऱ्यात चोरून घुसायचं, मग ती वाट बुजवायची, मग नवी वाट शोधायची, असा माझा रोजचा सराव. घरमालकीणबाई सगळ्यांना सांगतात, "पोरगी गुणाची आहे, पण स्वतःच्याच घरी चोऱ्या करते."

कॉम्प्युटर सुरक्षेच्या परीक्षेचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय. नाव माझं असलं तरी निम्मं ते तुझं आहे. भाजी निवडता निवडता तू माझी प्रश्नोत्तरांची कार्डं हातात धरायचीस आणि विचारायचीस, "चारशे त्रेचाळीस नंबरचं पोर्ट कशाचं?" मी अडखळले की स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नसताना खेकसायचीस, "सुरक्षित वेबसाइटचं! कालच सांगितलं ना!" पहिल्यांदा नापास झाले तेव्हा परीक्षा घेणाऱ्यांनाच तू इतकी नावं ठेवलीस की मला रडता रडता हसू आलं. त्या कागदामुळेच मला प्रिंटर दुरुस्त करण्याच्या कामातून उचलून सुरक्षा विभागात घेतलं. आता पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. तो अवघड आहे.

बघ, किती लांबण लावतेय. आता सांगतेच.

माझं पहिलं स्वतंत्र काम तुमच्या हॉस्पिटलचं होतं. तुला बोलले नाही, कारण असं काम आधी सांगायचं नसतं. कर्मचारी फोनवर कुणाला पासवर्ड देतात का, हे हॉस्पिटललाच तपासून हवं होतं. तू औषधांच्या भांडारात असतेस आणि माझ्याकडे चौकशी खिडकीचे नंबर होते, म्हणून आमच्या वरिष्ठांनीही हरकत घेतली नाही. त्यांना आम्ही कुलूपकाका म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

मंगळवारी फोन लावला. आवाज जाड केला आणि म्हटलं, कॉम्प्युटर विभागातून बोलतेय, आजच रुजू झालेय, तुमचं खातं बंद पडतंय, पासवर्ड दिलात तर वाचवते. पलीकडून करड्या आवाजात उत्तर आलं, "बाई, पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो." मनात म्हटलं, शाबास! पण इतक्यात सोडून द्यायचं नाही, असंच आम्हाला शिकवलेलं असतं. मी रडवेली झाले. "मॅडम, हे जमलं नाही तर साहेब मला आजच घरी पाठवतील हो."

मग एकेक अक्षर सांगितलं गेलं. मी लिहून घेतलं आणि वाचलं. खारूताई. पुढे माझं जन्मसाल.

कुणाच्या तरी रजेमुळे तू त्या खिडकीवर बसली होतीस, हो ना? मी कसंबसं "आभारी आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. मावशी, मला तुझा आवाज ओळखू आला नाही. तू कामावर कशी बोलतेस, हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

कुलूपकाकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनी तुला ओळखून दिला असेल, तर तो फोन धरायचा नाही. ओळखलं नसेल, तर अहवालात जाईल. विचार आणि मला सांग." अहवालात नावं नसतात, पण मंगळवारी खिडकीवर कोण होतं हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. आणि तुला भांडारप्रमुख करायचं चाललंय, हे मला माहीत आहे.

फोन करून विचारायची हिंमत होत नाही. फोनवर मी तुझ्याशी खोटं बोलले आहे. म्हणून हे पत्र. तू मला ओळखलं होतंस ना? शेवटी "घसा जपा हं" म्हणालीस, ते मलाच ना? नुसतं "हो" लिही. मी पुढे काही विचारणार नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
खारूताई


गुरुवार, १४ नोव्हेंबर

लाडक्या खारूताईस,

खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र जिन्यातच फोडलं आणि पायरीवर बसून वाचलं. शेजारीण घाबरून विचारायला लागली, काही वाईट बातमी आहे का? म्हटलं, छे, पोरगी कामाला लागलीय.

नाही गं, ओळखलं नाही.

आधी त्याचंच वाईट वाटलं. तुझी नुसती शिंक ऐकून आजारपण ओळखणारी मी, आणि फोनवर एवढं बोलून कळलं नाही! तुझं "हो" लिहायला पेनही उचललं होतं. खोटं कशाला सांगू, ती भांडारप्रमुखाची खुर्ची मलाही हवी आहे. पण मग तुझं पहिलंच काम खोटं ठरलं असतं, आणि तेही माझ्यापायी. त्यासाठी का मी कार्डं हातात धरून बसत होते? शिवाय उद्या खरा चोर असाच रडेल आणि आजारी माणसांची सगळी माहिती घेऊन जाईल.

म्हणून काल मीच हॉस्पिटलच्या मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, पासवर्ड देणारी ती मी. खुर्चीचं काय व्हायचं ते होईल. पासवर्ड बदललाय, आणि नवा तुलाही सांगणार नाही.

का दिला, तेही अहवालात लिही. नियम मला ठाऊक होता, मी तो बोलूनही दाखवला. पण ती मुलगी फार घाबरली होती गं. वाटलं, कुणाची तरी पोर आहे, आजच कामाला लागलीय, हिच्याही घरी कुणीतरी कार्डं धरून बसलं असेल. घसा जपायला तिलाच सांगितलं मी.

घरी आल्यावरही तीच डोक्यात होती. साहेब ओरडले तर नसतील तिला? बिचारीचं काम झालं असेल ना?

झालं ना गं?

तुझी, आणि तिचीही,
मावशी