वस्तू बनवली का? नाही

ओहायो, ९ नोव्हेंबर २००४

प्रिय अर्डीताई,

तुला, तुझ्या गुडघ्याला, तुझ्या मांजरीला आणि (राहायला नको म्हणून) तुझ्या नवऱ्याला लॉर्नाचा मनापासून नमस्कार. तिकडे ऑरेगनमध्ये पाऊस फार लागतो म्हणतात, तेव्हा गुडघा जपून वापर. इकडे सगळं ठीक. मार्चमध्ये नोकरी गेल्यापासून माझी तब्येत उत्तम आहे.

कारखाना बंद झाल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. खाली ओव्हन बनवणारे आणि वर गिऱ्हाइकांचे फोन उचलणाऱ्या आम्ही बावीस बायका, सगळ्यांची कामं एकाच आठवड्यात परदेशी गेली. ओव्हन एका देशात गेले, फोन दुसऱ्यात. आता काम असं परदेशी गेलं की सरकार मदत देतं, म्हणजे दोन वर्षं नवं शिक्षण आणि तोवर घरखर्च. खालच्यांना ती लगेच मिळाली. बर्ट हॅनिगन (वीस वर्षं ओव्हनच्या दारांना मुठी बसवायचा, त्यातल्या निम्म्या उलट्या) आता पाठीला दप्तर लावून कॉलेजात जातो. त्या उलट्या मुठींच्या तक्रारी वीस वर्षं मी ऐकल्या, पण मला मदत नाही, कारण मी वस्तू बनवत नव्हते. मला हॉस्पिटलात नर्सच्या हाताखालचं काम शिकायचंय गं. पन्नाशीनंतर इतक्या मनापासून मी दुसरं काही मागितलेलं नाही.

अर्ज निदान तिघींनी मिळून करायचा असतो, म्हणून फोनवरच्याच मॅक्सीन आणि डोलोरेस माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मॅक्सीन दर रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवते, त्यामुळे खोटं लिहायची सोय नव्हती. 'तयार केलेल्या वस्तू' या रकान्यात डोलोरेसनं ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'उत्तरं, अंदाजे चार लाख.' अर्ज नाकारला गेला हे सांगायला नकोच.

मग मी मदतीच्या सरकारी कचेरीत फोन लावला. कर्टिस नावाचे एक गृहस्थ होते, फार अदबीनं नाही म्हणाले. मी विचारलं, "तुम्ही काय बनवता, साहेब?" ते म्हणाले, "बाई, मीही फोनच उचलतो." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्याच कारखान्याचा ओव्हन आहे हो घरी. केक एका बाजूनं कच्चाच राहतो." मी म्हटलं, दारात कागदाचा कपटा धरून दार लावा आणि कपटा ओढून बघा. दुपारी जेवायला घरी गेल्यावर त्यांनी बघितलं, तिथूनच फोन केला. कपटा सुळकन निघाला, म्हणजे दाराची आच अडवणारी पट्टी गेलेली. खूश झाले. हे कुठल्या रकान्यात भरू म्हणून विचारलं, तर म्हणाले, कुठल्याच नाही. पण जाता जाता एक प्रश्न त्यांनी केला. तुम्ही कधी काही छापून दिलं होतं का? छापलेलं वस्तूत मोडतं.

दिलं होतं! अठ्ठ्याऐंशी साली गिऱ्हाइकांसाठी 'तक्रार करण्याआधी' नावाची सोळा पानी पुस्तिका आम्ही फोनवाल्यांनीच लिहिली होती, आणि ती प्रत्येक ओव्हनसोबत जायची. (अशी पुस्तिका कोणी जपून ठेवत नाही. वाचतही नाही, नाहीतर आम्हाला फोन कशाला आले असते?) तुझ्या लग्नात मी दिलेल्या ओव्हनसोबतही ती आली होती.

थँक्सगिव्हिंगची सकाळ आठवते मला. घरोघरी टर्की ओव्हनमध्ये जायची आणि बावीस फोन एकदम वाजायचे. नेब्रास्काच्या मिसेस टटल एकोणीस वर्षं दर वर्षी एकच विचारायच्या, टर्की झाकून भाजू की उघडी. त्यांना उत्तर माहीत होतं. या वर्षी त्या कोणाला विचारणार, या विचारानं मला झोप लागत नाही. दिवसाला ऐंशी परक्या माणसांशी मी गोड बोलायचे, आणि रविवारी तुझा फोन आला की "हं, बरं, ठेवते." घशात आवाजच उरलेला नसायचा. मग तुझे फोन थांबले. चूक तुझी नाही, ताई. आता दिवसभर आवाज शाबूत असतो आणि ऐकायला कोणी नाही. फोन वाजला की अजून कारखान्याचं नाव घेऊनच उचलते, पलीकडे विमा विकणारा असतो. तुझी फार आठवण येते.

तुझी,
लॉर्ना

ता.क. ओव्हनच्या खालच्या खणात, ट्रेच्या तळाशी बघ. पुस्तिका तिथंच असेल, तू काही फेकत नाहीस. अर्जासाठी तिची नितांत गरज आहे.

ता.क. २. पोस्टानं पाठवू नकोस, गहाळ होते. स्वतः घेऊन ये. पंचवीस तारखेला थँक्सगिव्हिंग आहे आणि मी चुकून नऊ किलोची टर्की सांगून ठेवली आहे. नवऱ्यालाही आण.

ता.क. ३. पत्र मॅक्सीननं वाचलं, आणि ती खोटं चालवून घेत नाही हे वर लिहिलंच आहे. पुस्तिका तिच्या माळ्यावर सापडली, फेरविचाराच्या अर्जासोबत गेल्या शुक्रवारीच गेली. तरी तू तुझी प्रत घेऊन ये.