टायर चांगला होता

चंडीगड,
कोजागिरीनंतरचा रविवार

अगं कमल,

नावानं हाक मारली म्हणून दचकू नकोस. सव्वीस वर्षं नुसत्या "अगं"वर संसार झाला, पण कागदावर नुसतं "अगं" कुणालाही चालेल. हे तुलाच आहे, म्हणून नाव.

गेलेल्या माणसाला पत्र लिहायचं हे माझ्या बुद्धीला पटत नाही. पण सतवंतभाभीचा हुकूम आहे. ती म्हणाली, आधी कमलला खरं सांगा, मग माझ्या दारात या. तर सांगतो. सात वर्षांमागं दसऱ्याला मी मोटरसायकलवरून पडलो. घरी येऊन तुला म्हणालो की बचनसिंगनं खराब टायर दिला. ते खोटं होतं. टायर चांगला होता.

झालं सांगून. पण एवढ्यावर तू सोडणार नाहीस, माहीत आहे. तेव्हा सगळं लिहितो. तू मधे बोलायचं नाही. हे तुला पहिल्यांदाच जमणार आहे.

पुण्याहून अडुसष्टला बदलीवर आलो तेव्हा तुला हिंदी येत नव्हतं आणि मला थंडी सोसत नव्हती. दोन्हीवर इलाज बचनसिंगच्या घरी निघाला. मी त्याच्या दुकानात पंक्चर काढायला गेलो आणि दोन तास बसलो. सरदार आणि मी, दोघांनाही टायर सोडून दुसरं बोलायला सुचत नव्हतं. त्याची बायको सतवंत आपल्या क्वार्टरच्या मागच्याच गल्लीत राहायची. तिनं तुला विणायला शिकवलं, तू तिला पुरणपोळी. तुझा पहिला स्वेटर आठवतो? एक बाही गुडघ्यापर्यंत. मी तो ऑफिसात घालून गेलो. साहेब म्हणाले, "शंकर, जीप चलाते हो या हाथ छुपाते हो?"

तुम्ही दोघी रोज संध्याकाळी बाजाराला जायच्या. ती पंजाबीत बोलायची, तू मराठीत. काय कळायचं एकमेकींना? मी विचारलं तर म्हणालीस, "तुम्हाला मराठीतलं तरी कुठं कळतं."

आता टायरचं. हे तुला मी शंभरदा सांगितलं आणि शंभरदा तू भाजी निवडत "हूं" म्हणालीस. आज ऐकायलाच हवं, कारण सगळं त्यातच आहे.

आपली गाडी दोन सायलेन्सरवाली, पळणारी. कॅप्टनसाहेबांनी शर्यतीसारखी चालवून मला विकलेली, आणि मीही काही बैलगाडीसारखी चालवली नाही. असल्या गाडीचा मागचा टायर आधी जातो. इंजिनाचा सगळा जोर त्याच्यावर. पुढचा एक झिजेपर्यंत मागचे दोन जातात असं बचनसिंग म्हणायचा. त्यात हे गाव सगळं सरळ आखलेलं. आपल्याकडं घाट आहेत, टायर कडेनं झिजतो. इथं वळण फक्त चौकात. मग टायर मधेच झिजून पाटासारखा चपटा होतो आणि कडा कोऱ्या राहतात. असा चपटा टायर चौकात गाडी कलली की एकदम कोलमडतो. म्हणून नक्षी आहे की नाही एवढंच बघून भागत नाही, आकार बघायचा. बाजूला बारीक चिरा पडल्यात का बघायचं. नख रोवून बघायचं, रबर दबतं का. उन्हात उभी राहिलेली गाडी न चालताही टायर म्हातारा करते.

त्या वर्षी मी वेळेत बदलला. बचनसिंगनं मागच्या चाकाचाच, चौकोनी नक्षीचा, बरोबर मापाचा टायर बसवला. पुढच्या चाकाचा उभ्या रेघांचा स्वस्त पडला असता, तो मी मागितलाही होता. त्यानं हात जोडले. "शंकरजी, आगे का काम मुड़ना, पीछे का काम धक्का देना. जूता उल्टा मत पहनो." आणि बजावलं की नवा टायर गुळगुळीत असतो, पहिले शंभर मैल सबुरीनं.

तो टायर मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरी आणला. पुढचं तुझं काम.

तुझ्या माहेरी सुतारकी. खंडेनवमीला पटाशी, रंधा, करवत, सगळं धुऊन, तेल पाजून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, त्या दिवशी हत्याराला सुट्टी. इथं चंडीगडात तुझ्याकडं विळी, अडकित्ता आणि माझे दोन पाने. तेवढ्यानं तुझं समाधान होईना. गाडीला हार घातलास, कुंकू लावलंस, आणि मी ऑफिसातून यायच्या आत दोन्ही टायरांना खोबरेल तेल चोळलंस. कडांना तर दोनदा, कारण कडा तुला जास्त कोरड्या दिसायच्या; हे मला पुढच्या वर्षी बघून कळलं. चाकं अशी चमकत होती की मी म्हणालो, "वा, धुतलीस वाटतं." तू हसलीस. मला वाटलं, पाण्यानं धुतलीस.

मोटरसायकलला तेल पाजणारी बाई अख्ख्या पंजाबात एकच, आणि ती माझ्या घरात.

दसऱ्याला सकाळी सोनं द्यायला निघालो. आपटा इथं मिळत नाही म्हणून तू रस्त्यावरच्या कचनारची, आपट्यासारखीच दिसणारी पानं खुडून आणली होतीस, ती खिशात. पहिला मान बचनसिंगचा. सरळ रस्त्यावर काही झालं नाही. मधलं तेल रस्त्यानं पुसून घेतलं. चौकात गाडी कलवली आणि टायर कडेवर आला, तिथं तुझं तेल ताजं होतं. गाडी एकीकडं, मी दुसरीकडं, सोनं सगळ्या चौकात.

गुडघा फुटला, पाय ठेवायचा दांडा वाकला. गाडी ढकलत बचनसिंगचं दुकान गाठलं. दुपारपर्यंत उघडं होतं, आठदहा गिऱ्हाईकं उभी. मी तिथंच तोंड सोडलं. सडका माल देतोस, माणूस मारशील, मित्र म्हणवतोस. जे तोंडाला येईल ते. तो खाली बसला, टायरवर बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं आणि माझ्याकडं बघितलं.

वासाची झुळूक मलाही आली. इथं सगळे सरसूचं, म्हणजे मोहरीचं तेल वापरतात. आपल्या वस्तीत खोबरेलाचा वास फक्त एका बाईच्या वेणीला यायचा.

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? "चुकलो, सरदारजी" एवढे दोन शब्द. पण आठदहा माणसांसमोर ओरडून झालं होतं. मी गाडी उचलली आणि निघालो.

घरी तू गुडघ्यावर हळद दाबत होतीस. "कशानं झालं हो?" म्हणालीस. मी म्हणालो, "टायर खराब दिला त्यानं."

तुला कळलं असतं तर तू स्वतःला खात बसली असतीस, म्हणून बोललो नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला त्या दुकानात परत जाऊन मान खाली घालायची नव्हती.

पण तू काय करशील हे माझ्या ध्यानात आलं नाही. तू उठलीस, सतवंतनं दिलेली लोकर, सुया, अर्धा विणलेला मफलर, सगळं पिशवीत भरलंस आणि तिच्या दारात ठेवून आलीस. म्हणालीस, "माझ्या कुंकवाशी खेळणाऱ्याच्या घरचं मला काही नको." ती दोनदा आली. दोनदा तू दार लावून घेतलंस. आणि मी आत पेपर वाचत बसलो होतो, कमल. पेपर हिंदी होता आणि एक अक्षर वाचलं नाही.

त्यानंतर बाजाराला एकटी जायला लागलीस. मला वाटलं, होईल चार दिवसांत गोड. माणसं भांडतात, बोलतात. तुम्ही बोललाच नाहीत. तुझ्यासारखी हट्टी बाई मी पाहिली नाही. आणि माझ्यासारखा भित्रा तू पाहिला नाहीस, कारण तुला कळूच दिलं नाही.

मी मग लांबच्या दुकानातून जुन्यावर नवी नक्षी चढवलेले टायर घ्यायला लागलो. वर्षभर टिकायचे नाहीत. एकदा तर नक्षीची अख्खी पट्टी सुटून रस्त्यावर आली, मागचा स्कूटरवाला समजला साप. आणि दर दसऱ्याला मी पहाटे उठून तुझं तेल सोड्यानं आणि गोणपाटानं घासून काढायचो. एकदा तू पकडलंस. "पूजा झालेली वस्तू धुतात का?" मी म्हणालो, "माझी पद्धत आहे." "कसल्या मेल्या पद्धती," म्हणून तू आत गेलीस. सहा दसरे घासली मी चाकं. बोलायला एक मिनिट लागलं असतं.

गेल्या माघात तू गेलीस त्या दिवशी सतवंत आली होती. तुझ्या पायाशी बसली आणि उठून गेली.

आता आताचं. या दसऱ्याला शोभा गाडीपाशी उभी होती. तुझ्या लेकीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. म्हणाली, "बाबा, पीछेवाले टायर में तो शकल दिखती है. नया नहीं लिया तो मैं गाड़ी की चाबी छुपा दूँगी." हे अगदी तुझं. मी गाडी काढली, आणि हात आपोआप बचनसिंगच्या रस्त्याला वळले.

तो तसाच आहे, दाढी तेवढी पांढरी. मला बघून उठला नाही. टायरमधे नख रोवलं आणि म्हणाला, "ये टायर नहीं है जी, पापड़ है. किसने दिया?" मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "दिया नहीं, बदला लिया."

मग मी सांगितलं. उभ्याउभ्या, दोन गिऱ्हाईकांसमोर. म्हटलं, त्या दिवशी तेल होतं, टायर चांगला होता.

"मुझे तो उसी दिन पता था," तो म्हणाला. "मैंने सोचा, शाम तक आ जाओगे. बड़ी लंबी शाम की आपने."

मला वाटलं संपलं. त्यानं पुसलं, "घर में कमल भैणजी ने सतवंत से बात क्यों छोड़ी थी?" मी म्हटलं, याच कारणानं. दुकानातलं भांडण त्यानं घरी कधी नेलंच नव्हतं. "तो उसको आज तक नहीं पता," म्हणाला. "मेरा क्या है, मेरे पास दूसरे ग्राहक हैं. आप मेरे घर जाओ."

गेलो. ती अंगणात विणत बसली होती. मी सांगत होतो तोवर तिची सुई चालू होती. तेलाचं आलं तेव्हा ती हसली, बरं का. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "टायर को तेल! हाय कमल." मग हसू थांबलं. म्हणाली, "सात साल मैं सोचती रही, मैंने ऐसा क्या कह दिया था."

मी चपला बघत बसलो.

तिनं पुसलं, "कमल को पता था?"

"नहीं."

"तो पहले उसको बताओ. फिर मेरे पास आना."

"भाभीजी, वो तो..."

"मुझे मालूम है वो कहाँ है. चिट्ठी लिखो. पाँचवीं तक पढ़े हो, बहुत है."

आणि चहा दिला नाही. तेरा वर्षांत पंजाबी घरातून कोरडा बाहेर पडलो ते फक्त त्या दिवशी.

तर हे लिहिलं. तेल लावलंस याचा मला राग नाही. ते तू मला जपायला लावलंस आणि त्यानं मी पडलो, यात हसण्यासारखंच जास्त आहे. तुझी मैत्रीण मात्र मी घालवली. बचनसिंगनं नाही, तू नाही. तू चुकीच्या माणसावर रागावलीस आणि खरा गुन्हेगार रोज तुझ्या हातचं जेवत होता. शिव्या द्यायच्या असतील तर दे. त्या वेळी दिल्या असत्यास तर मी इथं एवढी अक्षरं गिरवत बसलो नसतो.

आता वचन देतो, आणि माझ्या वचनावर तुझा विश्वास नसतो हे धरून देतो. दुपारी हे पत्र घेऊन सतवंतकडं जाईन. तिच्यासमोर वाचेन, मराठीचं हिंदी करून, एक ओळ गाळणार नाही. ते पेपरचंसुद्धा. ऐकून तिनं बस म्हटलं तर बसेन. दार लावून घेतलं तर पुढच्या रविवारी पुन्हा जाईन, आणि त्याच्या पुढच्या. बचनसिंगनं मागचा टायर नवा बसवलाय, चौकोनी नक्षीचा, बरोबर मापाचा. तीन वर्षं सहज जाईल म्हणतो. तेवढ्यात पुष्कळ रविवार येतात.

तुझा
शंकर