शेवटची दोन रिळं

१४ फेब्रु. १९८४, वाशी
सरांनी आज चित्रपटाची शेवटची दोन रिळं माझ्यापुढे ठेवली. "ही तू जोड. मी बघणार नाही." इतके चित्रपट संकलित केले त्यांनी, पण शेवट कधी साहाय्यकाला दिला नाही. निर्मात्यांना आधी सांगायचं नाही. त्यांना पसंत पडला तर पडद्यावर सरांच्या नावाखाली माझं. मी "बरं" म्हटलं. हात धुऊन आले.

१६ फेब्रु.
भांडणाचा प्रसंग. नवरा डावीकडे बघतो, बायकोही डावीकडेच. दोघं मिळून भिंतीशी भांडतायत. चूक चित्रीकरणातली, नटी परदेशी गेलेली, पुन्हा घेणं अशक्य. तिच्या शॉटची फिल्म उलटी करून जोडली. आता समोरासमोर. किंचित धूसर, पण चालेल. खूश.

१७ फेब्रु.
फिल्म जोडायचं मशीन सरांच्या घरीच, हॉलमध्ये, त्यामुळे काकू जाता-येता बघतात. आज लसूण सोलत मागे उभ्या राहिल्या.
"अगं नीला, ही भांडता भांडता गुजराती कधी झाली?"
पदर! डाव्या खांद्यावरचा उजव्यावर. मी फक्त डोळे बघत बसले होते.
आतून सर: "मी बघत नाहीये हं!" हसू दाबत.

१८ फेब्रु.
शॉट काढून टाकला. बोलणं बायकोचं ठेवलं, चित्र नवऱ्याचं. तो नुसता ऐकतो. ती दिसत नाही आणि जास्त लागते. का, ते इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलेल्या कशात बसत नाही. सरांना बोलले नाही. दुपारी त्यांनीच चहा आणून ठेवला, मला लागतो तसा, बिनसाखरेचा.

२१ फेब्रु.
निर्माते आले. दारातूनच: "सर, खाडी ओलांडायला आता पासपोर्ट काढू का?" मग कांदा मार्केटच्या वासावर एक विनोद. शेवटच्या रिळाला मात्र रुमाल डोळ्यांना.
"बोलणं तिचं आणि चेहरा त्याचा... हा हात तुमचाच, सर. दुसऱ्या कुणाचं काम नाही."
"हिचं आहे," सर म्हणाले. "दोन्ही रिळं."
रुमाल घडी होऊन खिशात गेला. माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "एकटीने?" मी मान डोलावली.
"नावाचं बघू. विचार करतो." गेले.
काकू: "विचार कसला? रडला की मेला!"
मी निघताना सर जिन्यापर्यंत आले. "पडद्यावरच्या नावांच्या पाट्या उद्या पेंटरकडे जातायत. माझं नाव जरा वर घ्यायला सांगितलंय. खाली जागा राहू दे."