मधुमेह नसताना मधुमेहाची गोळी

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार (वाकलं की पोटात कळ येते, तेव्हा कागदावरचाच मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत उत्तम आहे असं मी सगळ्यांना सांगतो, म्हणून तुलाही आधी तेच लिहिलं.

खरं असं की माझ्या आतड्यात गाठ निघाली आहे. कर्करोगाच्याच जातीतली, पण डॉक्टरीणबाई म्हणतात, सावकाश वाढणारी. (आपल्या घराण्यात घाई कुणी केलीय?) त्यांच्याकडे एक अभ्यास चाललाय: मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी अशा गाठींना आवर घालते का ते बघायचं. घालेलच असं नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. चाळीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत टेबलावर बेडूक मांडून ठेवले. आता आपली पाळी म्हटलं आणि सही ठोकली.

घरी मात्र जीभ रेटेना. हिने गोळ्यांचं पाकीट पाहून विचारलं, तेव्हा मला शुगर निघाली असं सांगून मोकळा झालो. तिथेच शेण खाल्लं. हिने त्याच दिवशी गोडाचे डबे शेजारी पोहोचवले, कसलातरी हिरवा कडूजहर रस सुरू केला आणि बोट टोचायचं यंत्र आणलं. आता मुळात मला मधुमेहच नाही, तर यंत्र बिचारं काय बोलणार? रोज आकडा असा, की तरण्याताठ्याला हेवा वाटावा. श्रेय सगळं रसाला. इमारतीतल्या चार मधुमेही बायका हिच्याकडे सल्ल्याला येतात आणि मी पुरावा म्हणून समोर बसतो (बोट पुढे करून).

इथवर सोसलं. पण काल हिने जाहीर केलं, आकडे इतके झकास आहेत तर गोळ्या हव्यात कशाला, सोमवारपासून बंद. गोळ्या थांबल्या तर अभ्यासातून माझं नाव जाईल. आणि खरं सांगावं, तर हिचा चेहरा पडेल. ताई, मला गाठीपेक्षा त्या चेहऱ्याची भीती वाटते गं.

तुझा धाकटा

ता. क. गुडघे कसेही असोत, रविवारी ये आणि हिला तूच सांग. मी तोवर जिन्यात थांबतो.

आणखी एक ता. क. वन्सं, यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. दवाखान्यातल्या नर्सचा फोन पहिल्याच आठवड्यात घरी आला होता. मला सगळं ठाऊक आहे. गोळ्या बंद करते म्हटलं ते यांनी एकदाचं तोंड उघडावं म्हणून. एकही चुकू दिलेली नाही. रस मात्र चालू राहील, खोटं बोलल्याबद्दल. तुम्ही रविवारी याच. मला काही सांगू नका, नुसत्या शेजारी बसा. यांच्यासमोर मला रडता येत नाही.