बावखलाचा गाळ

२९ नोव्हेंबर, शनिवार

कुर्रर्र... कुर्रर्र... आणि मग पन्हळीत घळाघळा पडणारं पाणी. लहानपणी वडिलांबरोबर आगाशीला एका लग्नाला आलो होतो, तेव्हा या आवाजाने जाग आली होती. बागेतला रहाट! बैल गोल फिरत होता, मडकी भरून वर येत होती, रिकामी होऊन खाली जात होती. पुढे जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, वर्गाकडून कविता तालात म्हणवून घेतल्या. पण तो ताल मुळात त्या रहाटाचा, हे कुणाला सांगितलं नाही.

म्हणून आज नंदाखालला बिऱ्हाड हलवताना अगदी सुट्टी लागल्यासारखं वाटलं. माझ्या मुलीला, अनुष्काला, हे पटलेलं नाही. मनवेलपाड्यात आपला चांगला फ्लॅट असताना बापाने केळीच्या बागेत एकट्याने का राहायचं, असा तिचा सवाल. मी म्हटलं, बाई गं, तुझ्या गॅलरीतून शेजारच्याची गॅलरी दिसते. इथल्या खिडकीतून नारळ दिसतात, केळी दिसतात आणि बावखल दिसतं.

बावखल म्हणजे बागेतलं जुनं गोड्या पाण्याचं तळं. याच्या काठीही पूर्वी रहाट होता म्हणे. आता नुसते दोन दगडी खांब उरलेत आणि पाण्यात उतरणाऱ्या चार पायऱ्या.

घरमालकीण एमिलीबाई लाल लुगड्यातल्या, तोंडाने फटकळ. माझी रंगांची खोकी उतरवताना त्यांनी विचारलं की मास्तर, एवढ्या बाटल्या कसल्या, औषधं का? बाहुल्या रंगवतो म्हटल्यावर हसू दाबत म्हणाल्या, इतकी वर्षं लोकांची पोरं रंगवलीत, तेवढ्याने हौस फिटली नाही वाटतं! त्यांचे यजमान बॅप्टिस्ट बागेचं काम बघतात. पोट सुटलेले, गालावर खळी. आल्या आल्या शहाळं फोडून हातात दिलं.

जाता जाता एमिलीबाईंनी दाराबाहेरची बादली आणि काथ्याची घासणी दाखवली. बावखलाकडे गेलं की पाय इथेच घासून धुवायचे, मगच उंबरा ओलांडायचा. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, तो गाळ ज्याच्या पायावर घरात वाळला, त्याला बावखल आपला समजतं. किती सुंदर कल्पना! एखाद्या कवितेचं धृपद व्हावं अशी.

२ डिसेंबर

टेबल खिडकीशी लावलं. उजेड उत्तम.

हा नाद मला माझ्या नातीमुळे लागला. खुशीला वाढदिवसाला कुणीतरी परीकथेतले योद्धे दिले होते, बोटभर उंचीचे, बिनरंगाचे. तिने दोन दिवसांत टाकून दिले, मी उचलले. तेव्हापासून बुटके कुऱ्हाडवाले, जादूगार, पंखवाले घोडे माझ्या हाताखालून जातात. बाजारातले नमुने भडक असतात, मला ते सोसत नाहीत. मी बाटलीतला रंग सरळ लावतच नाही. लालात हिरव्याचा थेंब, निळ्यात भगव्याचा. रंग दबतो, जरा मागे सरकून उभा राहतो. आमच्या चौथीच्या पुस्तकातली चित्रं अशी होती, उन्हात राहिलेल्या कापडासारखी. माझी बायको मीरा म्हणायची, तुमची माणसं नेहमी आठवणीतली वाटतात.

पण खरी गंमत तळात. आकृती ज्या जमिनीच्या तुकड्यावर उभी राहते तो तळ मी स्वतः करतो. नारळाच्या काथ्याचं गवत, वाळल्या केळीच्या सालीचे खडक. यावेळी तळ म्हणून हे बावखलच करणार. आणि माणसंही इथलीच.

६ डिसेंबर

दिवसभर मान वर केली नाही. बुटक्या कुऱ्हाडवाल्याला पुट्टी लावून बॅप्टिस्टचं पोट दिलं, गालाला खळी. जादूगारणीच्या झग्याचं लुगडं केलं, विटकरी, दबलेलं, हनुवटी एमिलीबाईंची. तिसरी रानातली धनुष्यवाली पोरगी, ती आमची खुशी. दोन वेण्या, पुढच्या दोन दातांत फट. नाताळच्या सुट्टीत ती इथे राहायला येणार आहे, तेव्हा तिच्या हातात द्यायची. लाल चपला रंगवायच्या होत्या, पण लाल डोळ्यात खुपायला लागला. अनवाणीच ठेवली.

तळासाठी बावखलातून डबाभर गाळ आणला. काय त्याचा रंग! राखाडी म्हणावा तर निळसर, ओला असताना रेशमासारखा. तिघंही पायऱ्यांवर उभी केली. मग शेवटचा हात. या कामातली ही युक्ती मला फार आवडते. तळाची माती पातळ करून आकृतीच्या पायांना, झग्याच्या काठाला लावायची. तोवर आकृती नुसती चिकटवलेली दिसते. माती लागली की ती त्या जमिनीची होते.

एमिलीबाईंच्या सासूबाई आठवल्या. हसलो. टेबलावरच वाळत ठेवलं.

८ डिसेंबर, सोमवार

दोघांना बोलावून दाखवलं. बॅप्टिस्ट म्हणाले, कुऱ्हाड झकास, पोट मात्र कुणा दुसऱ्याचं लावलंय. एमिलीबाई म्हणाल्या, मास्तर, माझं लुगडं एवढं विटकं कधी बघितलंत, हे तर पोर्तुगीजांच्या वेळचं दिसतंय! खूप हसलो.

मग त्यांनी वाकून पाय बघितले. कुठला गाळ, विचारलं. इथलाच म्हटलं. घरात वाळवला का, विचारलं. हो म्हटलं. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि चहा न घेताच गेल्या.

उद्या जाऊन समजूत काढायला हवी. जुन्या माणसांच्या श्रद्धा असतात.

११ डिसेंबर

एमिलीबाईंचं लुगडं खरंच विटकरी दिसतंय. सोड्यात जास्त भिजलं असेल म्हणून सहज बोललो. टोमणा नाही, काही नाही.

बॅप्टिस्टनी आज केळीला पाणी दिलं नाही. गालावरची खळी दिसली नाही. माणूस हसल्याशिवाय खळी दिसायची कशी, म्हणा.

दुपारी जेवून पडलो होतो. कुर्रर्र... कुर्रर्र... झोपेतच बरं वाटलं. जागा झालो तरी चालूच होतं. खिडकीतून पाहिलं. दोन खांब आणि पाणी. रहाट कुठून असणार!

१३ डिसेंबर

बॅप्टिस्ट सकाळपासून बावखलाच्या दुसऱ्या पायरीवर उभे आहेत. एक पाय वर, एक खाली, उजवा हात कमरेजवळ मुठीत वळलेला. टेबलावरचा बुटका असाच उभा आहे. त्याच्या मुठीत कुऱ्हाड आहे, एवढाच फरक.

एमिलीबाईंनी त्यांना ओढून आणलं. बादलीशी बसून काथ्याने पाय घासले, माझ्यासमोर. गाळ निघेना. कातडीच त्या रंगाची झालीये.

माझ्याकडे वर बघून त्या म्हणाल्या की मास्तर, तुम्हाला सांगितलं होतं. रागाने नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ डिसेंबर

अनुष्काचा फोन. खुशी दोन दिवस शाळेत गेली नाही, खात नाही, चित्रं काढते ती सगळी राखाडी. पेटीतले बाकीचे खडू घाण वास मारतात म्हणते. आणि तळपाय काळे पडलेत, साबणाने जात नाहीत, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचंय. मग हसून म्हणाली, बाबा, तुमचंच काहीतरी शिकवलेलं असणार, दिवसभर विचारते की ते कुर्रर्र कोण करतंय.

मी फोन ठेवला.

मीच उभं केलंय खुशीला त्या पायरीवर. माझ्या हाताने, कौतुकाने.

१५ डिसेंबर

गाळ धुऊन काढायचा. साधी गोष्ट आहे, लागला तसा निघेल. पण खुशीवर आधी प्रयोग करायला हात धजेना. बॅप्टिस्टचा बुटका घेतला. वाडग्यात बुडवून मऊ ब्रशने पाय चोळले. गाळ सुटला! सगळा सुटला! पाय स्वच्छ. आता जेवून खुशीची—

बाहेर एमिलीबाई ओरडतायत.

१६ डिसेंबर

कमरेएवढ्या पाण्यात. पालथे. पाय स्वच्छ होते. सगळे म्हणत होते, बघा, पाय कसे धुतल्यासारखे.

मी बुडवलं त्यांना. वाडग्यात.

१७ डिसेंबर

देवळात, म्हणजे इथल्या चर्चमध्ये, बॅप्टिस्टना माती द्यायला गेलो. एमिलीबाईंच्या लुगड्याला आता कुठलाच रंग नाही. चेहऱ्यालाही नाही. लोकांना वाटतं दुःखाने.

घरातलं पाणी सगळं ओतून टाकलं. माठ, कळशी, वाडगा, दाराबाहेरची बादलीसुद्धा. चुकून एक थेंब खुशीच्या आकृतीवर उडाला तर? तिला काचेच्या बरणीखाली ठेवलंय. तहान लागली की शेजारी जाऊन पितो, हात पुसून येतो.

१८ डिसेंबर

विरारहून नवे रंग आणले. चांगला भडक लाल. दुकानात लाल होता. इथे झाकण उघडलं तर राखाडी. दुसरा उघडला. तिसरा. पिवळाही.

माझे डोळे? नाही. बाहेर जास्वंद लालच आहे.

अनुष्का म्हणते खुशी भिंतीशी उभी राहते. हात असे धरून, धनुष्य ताणल्यासारखे. डॉक्टर म्हणाले रक्त तपासा.

१९ डिसेंबर

एमिलीबाई सकाळपासून पायऱ्यांवर उभ्या होत्या, तिथेच त्यांचे पाय धरले. म्हटलं, सासूबाई आणखी काही म्हणायच्या का, काहीही. त्यांचं बोलणं फार सावकाश येतं आता, ओठ हलतात, मग आवाज. त्या म्हणाल्या की बावखल आपली जागा रिकामी ठेवत नाही. कुणी आपणहून त्या जागी उभं राहिलं तर आधीचा सुटतो. आणि पाणी लावायचं नाही, कोरडंच उचलायचं.

मी म्हटलं, मग आधी तुम्हाला—

त्यांनी मान हलवली. बॅप्टिस्ट तिकडे एकटा आहे, म्हणाल्या. माझं नको, मास्तर. पोरीला काढा.

२० डिसेंबर

एमिलीबाई आज पायऱ्यांवर नाहीत. घरातही नाहीत. बावखलाचं पाणी वर आलंय.

खोक्यात एक म्हातारा जादूगार होता, काठीवाला. त्याला माझा चष्मा केला, माझं टक्कल. कधी एवढं मन लावून रंगवलं नाही. डोळेसुद्धा जमले.

खुशीला कोरडीच उचलली. पाय कोरड्या ब्रशने झटकले, झटकले, झटकले. तिच्या जागेवर म्हाताऱ्याला उभा केला. पायांना गाळ लावला. घरात वाळवला.

म्हटलं, घे. मी आपणहून आलोय.

२१ डिसेंबर, रविवार

फोन! खुशी स्वतः बोलली. तोंडात काहीतरी होतं, चिवडा. लाल फ्रॉक घातलाय म्हणाली, आईने नको म्हटलं तरी. तळपाय गुलाबी झाले म्हणाली, आजोबा, उंदराच्या पिल्लासारखे! मी शिकवलेली कविता म्हणून दाखवली, तालात, एकही अक्षर न चुकता.

मी रडलो. अनुष्का म्हणाली, बाबा, आवाज असा का येतोय तुमचा, बरं नाही का?

म्हटलं, छान आहे. इथे येऊ नका. सुट्टीत नको. कधीच— नंतर सांगतो.

माझे घोटे राखाडी आहेत. मला चालेल. खरंच चालेल.

२२ डिसेंबर

गुडघ्यांपर्यंत. खुर्चीतून उठवत नाही. दुखत नाही, नुसतं जड.

रहाट फार जवळ आलाय. ताल सुंदर आहे. मीरा असती तर—

फोन वाजतो. टेबलाच्या त्या टोकाला. हात पोचत नाही. वाजून वाजून थांबतो.

अनुष्का काळजी करेल. करू दे. येऊ नको म्हटलंय.

२३ डिसेंबर

जीभ हलत नाही. मान नाही. हात तेवढा चालतोय, उजवा.

दार उघडंच आहे. ऊन. जास्वंद राखाडी.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. अनुष्काचा आवाज, सुट्टे पैसे— आणि दुसरा आवाज. बारीक. आजोबा, सरप्राइज!

नाही.

आई मागून हाक मारतेय, रस्त्याने जा गं, तिकडून नको. ती बावखलाच्या काठाने धावत येतेय. लाल फ्रॉक. चपला हातात.

ओरडायचंय. ओठ पुट्टीचे.

दारात आली. दातांतली फट. पाय— पायरीवर घसरले म्हणते, हसते. घोट्यापर्यंत गाळ. ओला, निळसर.

बादलीत बघतेय. रिकामी. मीच ओतली. मीच—

आजोबा, पाणी नाहीये, तशीच येऊ?

मी गप्प. मी रागावलो नाही म्हणून ती हसतेय. खुशी नको खुशी मागे— वही बघ, वाच, इथे ये नको, येऊ नको, तिथूनच—

उजवा पाय उंबऱ्या