हशांची वही

प्रिय अपूर्व,

शुक्रवारी तुझा चौथा विनोदी सिनेमा लागतोय. कामोठ्याच्या नाक्यावर पोस्टर पाहिलं. त्यावरचा तुझा चेहरा इतका गंभीर, की क्षणभर श्रद्धांजलीचा फलकच वाटला.

पहिल्या सिनेमाच्या चाचणी खेळाला आपण ट्यूशन क्लासचा हॉल मागून घेतला होता, आठवतं? भिंतीवर चादर, समोर तीस प्रेक्षक. युनिटमधलं कोणी आत नको, ते खोटं हसतात, हा तुझा नियम. तू स्वतः धास्तीने खाली टपरीवर. आणि मी पडद्याकडे पाठ करून, लोकांची तोंडं बघत, हातात पेन्सिल. संस्कृतची मास्तरीण पडले, नुसतं 'हसले' लिहून भागेना. स्मित, हसित, विहसित असं चढत थेट अतिहसितापर्यंत सहा इयत्तांत मी पनवेलकरांना बसवलं. तू म्हणायचास, "रेवा, माझे डोळे फसतील, तुझी वही नाही." वहीत जागा कोरी दिसली की तू डोळे मिटून कात्री लावायचास. तीन सिनेमे असेच उभे राहिले.

तिसऱ्याच्या वेळी पाठीमागून, पडद्यावरून आवाज आला, "काळूराम!" आणि लगेच, "हाय, सर!" मी गारच पडले. माझ्या वडिलांची, आप्पांची ही गोष्ट मी तुला रडत सांगितली होती. स्मृती गेल्यावर ते इस्त्रीचा सदरा घालून विचुंब्याच्या रिक्षास्टँडवर रोज हजेरी घ्यायचे. तुलाही त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचा जुना विद्यार्थी, रिक्षा चालवणारा खरा काळूराम असाच 'हाय' म्हणून हजेरी द्यायचा आणि म्हणायचा, "सर, शाला सुटली, चला आता," आणि रिक्षातून घरी आणून सोडायचा. तुझ्या सिनेमातले रिक्षावाले मात्र म्हाताऱ्या मास्तरांना जासईला कंटेनरांच्या रांगांत सोडून येतात. समोर लोक गडाबडा लोळत होते. मी इमानाने लिहिलं. अतिहसित. अतिहसित.

त्याच सिनेमाने तुझं नाव झालं. आप्पांनाही मी दाखवला. तेही हसले. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला घरी न्यायला कोणीच नव्हतं का गं?"

माघात ते गेले. तू महोत्सवात होतास.

तरी दिवाळीनंतरच्या रविवारी चौथ्याच्या चाचणीला तू बोलावलंस आणि मी आले, याचं तुला नवल वाटलं नाही. हॉल फार छान हसला, अपूर्व. मांडवातल्या प्रसंगाला तर एक बाई खुर्चीवरून घसरली. तिथे मी जागा कोरी सोडली. जिथे लोक मोबाइल चाळत होते, तिथे अतिहसित लिहिलं. तुला दिलेली सबंध वही तशीच. तू फोन करून आभार मानलेस, मांडव पुरता कापल्याचं सांगितलंस, आणि म्हणालास की या खेपेला पहिल्यांदाच लोकांत बसून बघणार. खऱ्या हशांची वही मी वेगळी ठेवली होती, ती सोबत जोडली आहे. पाकीट काळूरामकडे देतेय, शनिवारी सकाळी पोहोचवायला बजावून. म्हणजे हे वाचशील तेव्हा कालची तोंडं तू पाहिलेली असशील. खेळ सुटल्यावर तुला घरी न्यायला कोणी होतं का रे?

तुझीच, पाठमोरी,
रेवा