गिटारला अर्थ नाही

मिरकरवाडा, रत्नागिरी

मेहेरबान कमरुद्दीनभाई यांना,

तुमच्या एकुलत्या बहिणीचा एकुलता नवरा वजीर होडेकर याचा सलाम. आम्ही सगळे इथे अल्लाच्या कृपेने ठीक आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? साखर आटोक्यात आहे ना? कुवेतच्या उन्हात दुपारचे बाहेर पडत जाऊ नका, आणि पडलात तर भाभींना सांगून पडत जा. खतिजाची तब्येत उत्तम आहे. तिचा आवाज सकाळी मी जेटीवर असतानासुद्धा ऐकू येतो, यावरून छाती साफ असल्याचे कळते. आमच्या महरीनची परीक्षा बरी गेली. (पेपर अवघड होते असे ती म्हणाली नाही, म्हणून मला थोडी काळजी आहे.)

तुम्ही म्हणाल, फोन सोडून हा वजीर पत्र का लिहीत बसला? त्याचे कारण असे, की आमच्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो. मी तुमच्याशी बोलू लागलो की तुमची बहीण स्वयंपाकघरातून उत्तरे देते, आणि मला जे सांगायचे असते ते राहून जाते. शेजारचा झैन सोमवारी कुवेतला परत निघतो आहे, त्याच्याबरोबर हे पत्र आणि सुका जवळा पाठवतो. दोन्ही एकाच पिशवीत असल्यामुळे पत्राला वास येईल. जवळ्याला पत्राचा येणार नाही.

तर मुद्द्याचे. तुम्ही कळवलेत, की तुमचा जिब्रान ईदला येईल तेव्हा त्याची गिटार घेऊन जाईल, तरी ती नीट बांधून ठेवावी. तुमचा निरोप शिरसावंद्य. गिटार जिब्रानची आहे, याबद्दल आमच्या घरात कुणाचे दुमत नाही. शिकायला तो आमच्याकडे राहिला तेव्हा त्याने ती आणली, आणि नोकरी लागली तेव्हा कपाटावर ठेवून गेला. महरीनने ती खाली काढली, मोबाईलवर बघून बघून शिकली, आणि आता संध्याकाळी रोज वाजवते. ते सगळे ठीक आहे. परंतु भाई, वस्तू न्यायच्या आधी तिची अवस्था माणसाला माहीत असावी. या गिटारची अवस्था अशी झाली आहे, की जिब्रानने ती विमानातून नेण्याचे कष्ट घेऊ नयेत, असे माझे प्रामाणिक मत आहे. ते कसे, हे सविस्तर लिहितो.

मागच्या महिन्यात महरीन बाहेर येऊन म्हणाली, ‘‘अब्बा, पिकअप बंद पडलाय.’’ मी चप्पल घालून रस्त्यावर गेलो. आमच्या भागात पिकअप म्हणजे मासे न्यायची गाडी. ती बंद पडली की मागच्या सगळ्या गाड्या अडतात, बर्फ वितळतो आणि लोक माझ्या नावाने हाका मारतात, कारण बॅटरीचे काम मी करतो. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. परत आलो तेव्हा कळले, की गिटारच्या तारांखाली एक लांबट डबी असते, तिलाही पिकअप म्हणतात. तारेची थरथर ती पकडते आणि वायरीतून शेजारच्या आवाजाच्या खोक्याकडे (महरीन त्याला अ‍ॅम्प म्हणते) पाठवते. गाडीसारखेच काम म्हणायचे, फक्त माशांऐवजी आवाज.

आता तुम्हाला ठाऊक आहे, बंदरातल्या निम्म्या ट्रॉलरांची वायरिंग माझ्या हातची आहे. असा माणूस घरात असताना पोरगी म्हणते, ‘‘अब्बा, राहू द्या, मुंबईला पाठवू.’’ मला ते लागले. मी म्हटले, चहा होईपर्यंत करून देतो.

खरे तर बिघाड मला लगेच सापडला होता. वायरीची पिन जिथे खुपसतात, ते भोक खाऱ्या हवेने हिरवे पडले होते. ते घासून साफ केले, आणि तिथेच थांबलो असतो तर काम संपले असते. (हे मी मागाहून विचार करून लिहितो आहे. त्या वेळी विचार करायला चहा झाला नव्हता.) पण एकदा पेचकस हातात घेतला की एकच स्क्रू काढून थांबणे मला आजवर जमलेले नाही. मी मागचे झाकण काढले, आणि आहेच उघडे तर सगळेच नवे करून टाकू, म्हणून पिकअपच्या वायरीही सोडवल्या. महरीन म्हणाली, ‘‘आधी फोटो काढा.’’ मी म्हटले, फोटो माझ्या डोक्यात आहे.

भाई, त्या एका पिकअपमधून लाल, काळी, हिरवी आणि पांढरी अशा चार वायरी बाहेर आल्या, आणि त्यांच्यात पाचवी एक तार, पूर्ण उघडी, अंगावर प्लास्टिकचा कपडाही नाही. डोक्यातला फोटो बघायला गेलो तर तो हललेला निघाला. पण मी डगमगलो नाही. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. बोटीवरसुद्धा लाल पॉझिटिव्ह आणि काळी निगेटिव्ह. त्याप्रमाणे सगळे जोडले. पांढरी उरली, तिला टेप मारली. आणि ती उघडी तार! घरात तरुण मुलगी, दमट हवा, आणि उघडी वायर मी ठेवीन? मी ती कापली, वर टेपचे तीन वेढे दिले.

गिटार लावली. आवाज आला. पण कसा, तर नाक चिमटीत धरून कुणी गावे तसा, आणि मागे ट्रॉलरचे इंजिन चालू ठेवल्यासारखी घरघर. खतिजा आतून म्हणाली, ‘‘बोट लागली काय दारात?’’

मी हातखंब्याच्या विनीतला फोन लावला. लग्नांत, हळदींत सगळीकडे साऊंड त्याचाच असतो. फोन गिटारजवळ धरला आणि महरीनला वाजवायला सांगितले. त्याने ऐकले, आणि म्हणाला, ‘‘चाचा, याला अर्थच नाही.’’

मी फोन ठेवून दिला. माझी मुलगी चांगले वाजवत होती, गिटारचा गळा बसला होता हा तिचा दोष नाही, आणि रात्रभर लोकांच्या दारात भोंगे बडवणाऱ्याने तिच्या वाजवण्यात अर्थ शोधावा? मी दोन दिवस त्याचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तो बर्फ न्यायला आला आणि मला रस्त्यातच धरले. ‘‘चाचा, रागावलात कशाला? अर्थ म्हणजे अर्थिंग ओ! जमिनीची वायर! तुम्ही वायरमन की भटजी?’’

त्याला मी चहा पाजला. चूक उमगली की ती दुरुस्त करावी, असा माझा स्वभाव आहे. घरी आलो, पहार घेतली, आणि अंगणात अर्थिंगसाठी खड्डा खणायला लागलो.

आमच्या अंगणाची जमीन तुम्हाला माहीत आहे. वर वीतभर माती आणि खाली जांभा. पहार मारली की खड्डा पडत नाही, पहार परत येते. बरे, जांभ्यात नुसती पट्टी गाडून अर्थ मिळत नाही, भोवती कोळसा आणि मीठ भरून ओल धरून ठेवावी लागते. कोळसा मिळाला. मीठ खतिजाने खाऱ्या बांगड्यांसाठी आणून ठेवले होते, ते अख्खे पोते मी खड्ड्यात ओतले. तिने दारात येऊन विचारले, ‘‘ह्या काय चाललाय?’’ मी म्हटले, गिटारला अर्थ देतोय. तिने रिकामे पोते उचलून झटकले. मग म्हणाली, ‘‘माझ्या बांगड्यांनी काय घोडा मारला होता?’’

तांब्याच्या पट्टीपासून जाड हिरवी वायर खिडकीतून आत आणली आणि चिमट्याने गिटारला लावली. सकाळ-संध्याकाळ खड्ड्यावर पाणी ओतायचे काम महरीनकडे दिले. शेजारणीने विचारले, काय लावलंय गो? पोरीने तोंड वर न करता सांगितले, ‘‘गिटार.’’

एवढे करून घरघर तशीच. एक फायदा मात्र झाला. ती जाड वायर घरातून नेताना मी वाटेत फ्रिजच्या पॉइंटलाही जोडून घेतली होती. आमचा फ्रिज हात लावला की चावायचा, हे तुम्ही मागच्या सुट्टीत सरबत काढताना अनुभवलेच आहे. (तुम्ही तेव्हा जो शब्द उच्चारलात, तो आमच्याकडे अजून आठवणीने सांगतात.) तो फ्रिज आता गाईसारखा गरीब झाला आहे. म्हणजे बांगड्यांचे मीठ अगदीच वाया गेले असे नाही.

मी पुढचा उपाय म्हणून पट्टी आणखी खोल न्यायच्या विचारात होतो. तेवढ्यात महरीनने माझा पेचकस घेतला आणि पिकअपवर हलकेच टकटक करू लागली. मी ओरडलो, कारण हत्यार वाया जाते. ती म्हणाली, ‘‘ऐका, अब्बा.’’ त्या डबीवर लोखंडी ठिपक्यांच्या दोन रांगा असतात. एका रांगेवर ठोकले की खोक्यातून टक् असा मोठा आवाज येई. दुसऱ्या रांगेवर ठोकले की जवळपास काहीच नाही. ‘‘आत दोन गुंडाळ्या आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘दोघी मिळून आवाज मोठा करतात आणि घरघर खाऊन टाकतात. तुम्ही एकीलाच कामावर घेतलंय, दुसरी घरी बसलीय.’’

मग तिने मोबाईलवर कंपनीचा नकाशा उघडून जे सांगितले, ते मी तिला दोनदा वाचायला लावले. या पिकअपात फेज म्हणजे काळी! काळी! हिरवी जमिनीला, इथपर्यंत ठीक. पण तिच्याबरोबर ती उघडी तारही जमिनीलाच, आणि विनीतला जो अर्थ सापडत नव्हता तो हाच, माझ्या टेपच्या तीन वेढ्यांत. आणि लाल-पांढरी? त्या दोघींनी फक्त एकमेकींना धरून राहायचे, दुसरीकडे कुठेच जायचे नाही. मी आयुष्यात अशी वायरिंग केलेली नाही आणि पाहिलेली नाही. मी म्हटले, बनवणाऱ्याने चूक केली असेल. ती म्हणाली, ‘‘एकदा त्यांच्या चुकीप्रमाणे करून बघू.’’

सोल्डरिंगची बंदूक मी तिच्या हातात दिली आणि मागे उभा राहिलो. काळी वायर फेजला लागताना मी दुसरीकडे पाहिले. कापलेली उघडी तार तिने टेपच्या वेढ्यांतून सोडवली, तुकडा सांधून पुरती लांब केली आणि हिरवीबरोबर बसवली. मग पिन घातली.

आधी मला वाटले खोका बंदच आहे, इतके शांत. मग तिने एक तार छेडली. भाई, काय सांगू! भरतीचे पाणी खाडीत शिरते तसा आवाज घरभर शिरला, भरदार, आणि त्यात खरखर नाही की घरघर नाही. खतिजा पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. पोरगी वाजवत होती आणि मी पेपर वाचत होतो. हल्ली ती वाजवत असली की माझ्या हातात पेपर असतो, पण पान उलटत नाही. (हा परिच्छेद खोडायचा राहिला आहे. तुम्ही वाचला नाही असे समजा.)

तर सांगायचा मुद्दा असा, की गिटार अत्यंत वाईट अवस्थेत आहे. तिच्यात काळी वायर फेजला आहे, दोन वायरी कुठेच जात नाहीत, एक तार कापून सांधलेली आहे, आणि मागच्या झाकणाचे दोन स्क्रू मला मिळालेले नाहीत. एवढ्या चांगल्या नोकरीवरच्या मुलाने अशी वस्तू चारचौघांत नेणे बरे दिसणार नाही. तुम्हीच त्याला समजावून सांगावे.

भाभींना सलाम. जिब्रानला माझी दुआ.

तुमचा,
वजीर

ता. क. : विमानतळावर सामानाच्या आत बघण्याचे यंत्र असते. आतली टेप बघून त्यांना शंका आली, तर मला रत्नागिरीहून मुंबईला समजवायला जावे लागेल. ऐन सीझनमध्ये मला ते जमणार नाही.

ता. क. २ : वरचे सगळे पुन्हा वाचून पाहिले. भाई, सरळच लिहितो. गिटार उत्तम चालते. आपल्या गल्लीतली सानवी गाते आणि आमची महरीन वाजवते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दोघींना वेळ मिळाली आहे, आणि त्या दिवसापासून ही पोरगी घरात गुणगुणत फिरते. ती तोंड उघडून कधी मागणार नाही, म्हणून मी मागतो. गिटार तिच्याकडेच राहू द्या. जिब्रान नाराज होईल, त्याचे मला वाईट वाटते. तुम्ही हो म्हणालात, तर मीच महरीनला सांगेन. तोवर तिला यातले काही कळू देऊ नका.

ता. क. ३ : मामू, सलाम. मी महरीन. अब्बांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि ‘वाचू नको’ म्हणाले, म्हणून वाचलं. तुमचा निरोप आला त्याच आठवड्यात मी जिब्रानभाईला मेसेज केला होता. गिटार परत मागितलीय हे त्याला माहीतच नव्हतं. तो म्हणाला, ठेव तुझ्याकडेच, मी आता सायकल घेतलीय. हे अब्बांना सांगायला गेले, तर ते पत्राच्या दुसऱ्या पानावर होते, चष्मा कपाळावर होता आणि स्वतःशीच हसत होते. मग मी परत फिरले. म्हणून तुम्हाला एकच विनंती, लगेच हो म्हणू नका. एकदा तरी जरा कडक शब्दांत नाही म्हणून कळवा, म्हणजे त्यांना माझ्यासाठी भांडता येईल. फार ताणू मात्र नका. पुढच्या पत्राला मजकूर कमी पडला, तर ते गिटार पुन्हा उघडतील.